वादळात न पडलेला डबा

माझे बाबा नागपूरला रेल्वेच्या डबे-दुरुस्तीत सुतार-मिस्त्री होते. दुरुस्तीला आलेला प्रत्येक डबा काही ना काही लपवतो, असं ते म्हणायचे, आणि ते लपलेलं शोधायचाच त्यांना पगार मिळायचा. त्यामुळे आमच्या घरी संशय घेणं हा दुर्गुण समजत नसत. भाजीवालीच्या वांग्यापासून सोयरिकीच्या पत्रापर्यंत सगळं आम्ही एकदा उलटं करून पाहत असू. लग्न होऊन मी दुर्गला आले तेव्हा ही सवयही माझ्याबरोबर आली. माझे यजमान, ज्यांना मी आजही ‘हे’च म्हणते, ते मात्र समोरच्यानं सांगितलं की मान डोलावणारे. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

हे भिलाईच्या कारखान्यात कारकून होते. पहिल्या भट्टीतून लोखंड निघायला लागलं होतं आणि बाजूला पुढचं बांधकाम चालूच होतं. वसाहतीतल्या सेक्टरमध्ये क्वार्टर उभे राहत होते, पण यादीत आमचा नंबर इतका खाली की त्याबद्दल बोलणंही आम्ही सोडून दिलं होतं. दुर्गला स्टेशनामागे एक खोली भाड्यानं घेतली होती. घरमालकिणीची चूल आमच्या भिंतीला लागून, आणि त्या भिंतीला वर वीतभर फट. दोन्ही वेळचा तिचा धूर आमच्याकडे यायचा. भाद्रपदात मुलगी झाली, तिला महिन्याभरात खोकला लागला आणि तो काही जाईना.

त्याच वर्षी ज्येष्ठात, मुलगी पोटात असताना, मोठं वादळ झालं होतं. दुपारी तीनलाच अंधारून आलं. मुरमाची लाल धूळ इतकी उठली की समोरचं घर दिसेना, आणि मग नुसते पत्रे उडाल्याचे आवाज. हे त्या दिवशी फार उशिरा घरी आले. कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी आणि सदऱ्याची एक बाही गायब.

“नाल्यापाशी सायकलवरून पडलो,” म्हणाले.

सकाळी ते आंघोळीला गेल्यावर मी सायकल पाहिली. हँडल सरळ, पेडलला ओरखडा नाही, घंटीसुद्धा नीट वाजत होती. माणूस एवढा सोलून निघतो आणि सायकलला काहीच होत नाही? पण मला सातवा महिना चालू होता, भांडायची ताकद नव्हती.

मार्गशीर्षात एकदा जेवताना हे म्हणाले, “एक घर विकाऊ आहे. चाकाचं.”

लढाईच्या आधी कुण्या इंग्रज सर्वेवाल्या साहेबानं विलायतेतून आणवलेला तो ट्रेलर होता. मोटारीच्या मागे जोडायचा, रानात ओढत न्यायचा आणि त्यातच राहायचं. आत झोपायची फळी, कपाटं, काचेच्या खिडक्या, शेगडीपुरता ओटा. साहेब मायदेशी गेला आणि ट्रेलर चार हात फिरून कारखान्याच्या एका ठेकेदाराकडे आला. अहिवाऱ्याकडे, चुनखडीच्या खाणींच्या रस्त्यावर, त्या ठेकेदाराचं गोदाम होतं, तिथे ट्रेलरमध्ये त्याचं ऑफिस चालायचं. आता त्याचं इकडचं काम संपत आलं होतं. बोरसीला यांच्या एका सोबत्याची विहिरीजवळ मोकळी जागा होती, तो तिथे ट्रेलर ठेवू द्यायला तयार होता. किंमतही अशी, की माझ्या दोन बांगड्या मोडल्या तर जमून जावी.

“इतका स्वस्त कावून?” मी विचारलं.

“जुना आहे ना.”

“ज्येष्ठातल्या वादळात कोठी होता?”

यांचा घास हातातच राहिला. “शेडमधी होता म्हणते गोदामवाले काका. पाण्याचा थेंब नाही लागला.”

“तुमी पाहिला?”

“नाही ना. तुयासंगच पाहीन.”

ठेकेदाराचा ट्रक दुर्गच्या बाजारातून सामान घेऊन परत जाणार होता. रविवारी आम्ही ड्रायव्हरशेजारी बसून निघालो. मुलीच्या दुपट्यांच्या पिशवीत मी तीन वस्तू टाकल्या होत्या: पोती शिवायची दाभण, सुतळीचा गुंडा आणि हातआरसा. यांनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

ठेकेदाराचं गोदाम सांभाळणारे ते काका फाटकाशी उभेच होते. साठीच्या आसपासचे, भंडाऱ्याकडचे, अंगानं काटकुळे. “या वहिनी, या,” म्हणून त्यांनी मुलीला घ्यायला हात पुढे केला. डावा. उजवा हात त्यांनी पोटाशीच ठेवला होता.

ट्रेलर उन्हात चकचकत होता. दुधी रंग, मधून हिरवा पट्टा. पंचवीस-तीस वर्षांची वस्तू इतकी ताजी दिसली की मला ताप लपवायला तोंडाला पावडर लावणारी माणसं आठवतात. मी एक चक्कर मारली. रस्त्याकडच्या बाजूचा रंग नखानं खरवडला तर खाली जुने दोन थर निघाले. मागच्या बाजूला एकच थर, त्याच्याखाली कोरा पत्रा.

“ही बाजू नवी केली का काका?”

“उन्हानं रंग उडते त्या बाजूचा,” काका म्हणाले.

ती बाजू उत्तरेची होती.

दरवाजा बुटका. आत शिरताना माझं कपाळ चौकटीला आपटलं. माझ्यामागून हे आले. त्यांनी वर न बघता नेमकी मान वाकवली आणि आत पाऊल टाकलं. पहिल्यांदा येणारा माणूस असा वाकतो? यांच्या कारखान्यातल्या ऑफिसचं दारही असंच बुटकं, आणि तिथे दोन वर्षं येणारे लोकसुद्धा डोकं आपटतात, असं हेच सांगायचे.

आत कापराचा वास इतका, की देवळात आल्यासारखं वाटलं. कपाटं उघडली तर प्रत्येकात कापराच्या पुड्या. सगळ्यात खालच्या कपाटात मी डोकं घातलं, आणि कापराच्या खालून दुसरा वास आला. ओल्या गोणपाटाचा. मग भिंतीच्या पट्ट्यांवरचे स्क्रू पाहिले. विलायती सुतारानं बसवलेले जुने स्क्रू सगळे पितळी, आणि त्यांच्या खाचा एका रेषेत उभ्या. मागच्या भिंतीवर मात्र लोखंडी स्क्रू होते. कुणाची खाच आडवी, कुणाची तिरपी, दोन तर अर्धेच आत गेलेले. जणू बसवणाऱ्याच्या हातात जोरच नव्हता.

मी यांना सुतळीचं एक टोक धरायला लावलं. मागच्या भिंतीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत सुतळी ताणली, गाठ मारली. मग तीच सुतळी उलट्या कोपऱ्यांमध्ये धरली. भिंत सरळ असेल तर गाठ बरोबर कोपऱ्यात यायला पाहिजे. गाठ चार बोटं अलीकडे राहिली.

“भिंत तिरपी झाली,” मी म्हटलं. “नुसती उभी ठेवलेली वस्तू तिरपी होत नाही. हा डबा पडला आहे.”

“जुन्या वस्तू असतेच थोड्या वाकड्या,” हे म्हणाले. त्यांचा आवाज मला त्यांचा वाटला नाही.

तेवढ्यात काका चहा घेऊन आले. तीन कप. दोन दुधाचे आणि एक कोरा. कोरा कप त्यांनी न विचारता यांच्या हातात दिला.

टायफॉइड झाल्यापासून यांना दूध पचत नसे, म्हणून हे कोरा चहा प्यायचे. ही गोष्ट आमच्या दुर्गच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हती. मी कप तोंडाला लावला आणि दोघांकडे पाहत राहिले. माझ्या मनात आलं ते लिहायला आज लाज वाटते, पण लिहायलाच पाहिजे. मला वाटलं, हे यात दलाली खात आहेत. नाहीतर जुनी ओळख लपवायचं कारण काय? पोरीचा खोकला, माझ्या बांगड्या, आणि स्वतःचा नवरा परक्याला मिळालेला. चहा कडू लागला, त्यात साखर होती तरी.

मी दाभण काढली आणि फळ्यांच्या कडेकडेनं टोचत गेले. चांगलं लाकूड दाभणीला ढकलून देतं. सडलेलं लाकूड तिला गिळतं. पुढचा भाग ठणठणीत होता. मागच्या कोपऱ्यात, जमिनीवर अंथरलेल्या लिनोलियमच्या नव्या मेणकापडाखाली, दाभण मुठीपर्यंत आत गेली आणि बाहेर काढली तर टोकावर काळा ओला भुसा.

“मले दोन बादल्या पाणी द्या,” मी म्हटलं.

“कायले वहिनी?”

“छतावर टाकाचं आहे.”

काकांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी खाली पाहिलं. शेवटी हेच हौदावरून बादल्या भरून आले आणि शिडीवर चढून पाणी ओतलं. मी आत उभी राहून वाट पाहत होते. बराच वेळ काही नाही. काका हळूच म्हणाले, “पाहा, म्हटलं नव्हतं?” आणि मग मागच्या भिंतीच्या सांध्यातून एक थेंब आला, त्याच्यामागून दुसरा, आणि नव्या रंगावरून एक काळपट ओघळ खाली उतरला.

आता फक्त खालची बाजू राहिली होती. पदर खोचून मी ट्रेलरखाली सरपटत गेले. लोखंडी चौकटीच्या वर आरसा धरला. एक आडवा दांडा वाकलेला होता आणि त्याला जळवांसारखे वेल्डिंगचे नवे ओघळ चिकटलेले. मी ते बोटानं चाचपत होते तेव्हा बाहेर चपलांचे दोन जोड जवळ आले. एक यांचा. मुलगी काकांच्या खांद्यावर असावी, तिचं कुरकुरणं वरून ऐकू येत होतं.

“वहिनीले सांगून टाकू का?” काकांचा आवाज.

“आता नका. घरी मीच सांगतो.”

“तुमीच म्हणता सांगतो, सहा महिने झाले.”

मी तशीच बाहेर आले. कपाळावर ग्रीस, केसात कोळ्याचं जाळं. उभी राहिले आणि म्हटलं, “घरी नाही. इथंच सांगा.”

सांगितलं काकांनी. मुलीला थोपटत, माझ्याकडे न बघता.

“वादळाच्या दिवशी तुमचे हे साहेब हिशेबाचे कागद घेऊन इकडे आले होते वहिनी. धूळ उठली तसे दोघं डब्यात शिरलो. मले वाटलं, पक्कं आहे, काही नाही होत. वारा खालून घुसला आणि डबा आडवा झाला. साहेबांवर कपाट पडलं. खिडकी फोडून मी त्याईले बाहेर ओढलं. तेवढंच.”

“आणि तुमचा हात?”

“खांद्यातून निखळला. बसवला वैदूनं. वर नाही जात आता.”

“बाहेर ओढलं, तेवढंच नव्हतं,” हे पहिल्यांदा बोलले. “बाहेर काढल्यावर डबा आणखी एक पलटी घेऊन मोहाच्या झाडाले जाऊन अडकला. मी आत असतो तर...”

मग बाकीचं उलगडलं. आभाळ भरून आलं की ट्रेलर शेडमध्ये ओढून ठेवायचा, असा ठेकेदाराचा हुकूम होता, आणि काकांनी त्या दिवशी तो ओढला नव्हता. ठेकेदार तेव्हा महिनाभर गावाला होता. नोकरी जाईल या भीतीनं काकांनी खाणीवरच्या वेल्डरला धरून दांडा जमेल तेवढा सरळ करून जोडवला, एका हातानं पत्रे ठोकले, स्क्रू पिळले, रंग दिला. ठेकेदारानं विकायला काढला तेव्हा परका कुणी तपासेल आणि बिंग फुटेल, म्हणून त्यांनी यांना गाठलं. आणि हे नाही म्हणू शकले नाहीत.

मी मुलीला काकांच्या खांद्यावरून घेतलं. ती झोपली होती.

परतीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हर होता म्हणून आम्ही बोललो नाही. खोलीवर आल्यावर मी विचारलं, “सायकलवरून पडलो असं कावून सांगितलं?”

“सातव्या महिन्यात तुले काय सांगू, की मी मरता मरता वाचलो?”

“मग नंतर?”

“नंतर सांगाचं राहून गेलं. जितके दिवस गेले तितकं कठीण झालं.”

“आणि ज्यात तुमी मरत होते त्यात पोरीले निजवाले निघाले होते!”

त्यावर ते म्हणाले, “काकांनी दुरुस्त केलं म्हणून सांगितलं, मी विश्वास ठेवला.” आणि हे खरं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी त्यांना दलाल ठरवलं होतं हे मात्र मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. म्हणजे लपवालपवीत मीही भर घातलीच.

बाबांना पत्र घातलं. ते पास काढून आठ दिवसांत आले, हत्यारांची पेटी घेऊन. मागची भिंत काकांदेखत उघडली. आतल्या तीन लाकडी फासळ्या काळ्या पडून भुसभुशीत झाल्या होत्या. बाबांनी सगळीकडे ठोकून पाहिलं, चौकटीखाली दोनदा जाऊन आले आणि हात पुसत म्हणाले, “चाकावर हा आता चालणार नाही पोरी. पण चाकं कशाले पाहिजे तुले? खालचं लोखंड मेलं आहे, वरचं घर जित्तं आहे. विटांवर बसवला तर मजेत राहाल.”

“पण ठेकेदाराले काय सांगाचं?” मी म्हटलं. काका एका खोक्यावर बसून ऐकत होते.

“जे आहे ते,” बाबा म्हणाले.

ट्रेलर विकायला काढल्यावर ऑफिससाठी ठोकलेल्या तंबूत ठेकेदार बसला होता. बाबांनी त्याला खराब फासळ्यांचा भुसा कागदावर दाखवला. काका पुढे झाले आणि हात जोडून, अडखळत, सगळं सांगितलं. ठेकेदार शांतपणे ऐकत होता. मग खुर्चीत मागे रेलून हसला.

“ये तो मुझे पहले दिन से मालूम है,” तो म्हणाला. “ड्रायव्हर ने बता दिया था. मैं देख रहा था, बुड्ढा कब बोलता है.”

काका त्याच्याकडे बघतच राहिले. सहा महिने ज्या भीतीनं त्यांना झोप नव्हती, ती भीती समोरच्याच्या खिशात होती आणि तो ती मजेत बाळगत होता. मला आधी काकांची कीव आली, मग एकदम दुसरंच लक्षात आलं.

“मालूम था, तो बेच कैसे रहे थे?” मी विचारलं. “हमारी बच्ची उसमें सोती.”

ठेकेदाराचं हसणं थांबलं. “मैंने कब कहा, गिरा नहीं? वो तो ये बोलता था.”

खोटं बोलायचं काम त्यानं काकांच्या भीतीकडून करवून घेतलं होतं. स्वतःच्या तोंडातून एक शब्द काढला नव्हता. बाबांना इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, पण ते रागावले की हळू बोलत. हळूच त्यांनी सांगितलं की चाकं आणि खालचं लोखंड तुमचं तुम्ही ठेवा, आम्ही फक्त वरची खोली घेतो, आणि किंमत त्या हिशेबानं. ठेकेदारानं कुरकुर केली. बाबांनी भुशाचा कागद उचलून, हा जाता जाता बाहेरच्या लोकांनाही दाखवतो, म्हटलं. सौदा झाला. मला एकच बांगडी मोडावी लागली.

बाबांनी आणि काकांनी मिळून फासळ्या बदलल्या. त्याच चाकांवर, ट्रकमागे बांधून, माणसाच्या चालीनं, अख्खा दिवस लावून तो डबा बोरसीला आणला, विटांच्या चौथऱ्यावर बसवला, आणि चाकं व खालचं लोखंड ठेकेदाराला परत पाठवलं. पौष संपायच्या आत आम्ही तिथे राहायला गेलो. मुलीचा खोकला पंधरा दिवसांत थांबला.

पुढच्या ज्येष्ठात पुन्हा वादळ आलं. हे ड्यूटीवर होते. मी मुलीला छातीशी धरून फळीवर बसले आणि प्रत्येक सांध्याचा आवाज ऐकत राहिले. डबा करकरला, पण हलला नाही. हे घरी आले ते चिखलानं माखून. मी विचारायच्या आधीच म्हणाले, “खरंच सायकलवरून पडलो. पाहून घे.” मी बाहेर जाऊन पाहिलं. हँडल वाकलं होतं.

चार वर्षांनी क्वार्टरचं पत्र आलं. डबा विकायचा म्हणून मी आलेल्या प्रत्येकाला सगळं सांगितलं: वादळात दोनदा उलटला, तीन फासळ्या बदलल्या, आषाढात मागचा कोपरा अजूनही ओलावतो. एक मास्तर दोनदा येऊन पाहून गेले. दुसऱ्या वेळी ते बायकोला कुजबुजताना मी ऐकलं, “एवढं सांगते, म्हणजे याच्यापेक्षा मोठं काही असेल.” ते परत आले नाहीत.

काका तोवर दुर्गला एका लाकडाच्या वखारीत कामाला होते आणि वखारीतच झोपत. आम्ही किल्ली त्यांना दिली. नको नको म्हणत त्यांनी घेतली. पुढे सहा वर्षं ते त्या डब्यात राहिले, शेवटपर्यंत. माझी मुलगी सुट्टीच्या दिवशी यांच्या सायकलवर बसून त्यांच्याकडे जायची, आणि परत आली की तिच्या फ्रॉकच्या खिशात विहिरीकाठच्या चिंचा असायच्या.